सागरी मार्गावरचा रेस्ट डे कुठे बिघडतो

अलिबागजवळच्या मांडव्याहून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंतचा कोकणचा किनारा सायकलने करायचा तर दिवसाला ६०-७० किलोमीटर धरून आठ-नऊ दिवस लागतात. रविवारी सकाळी शंभरेक किलोमीटर मारून नाश्त्याला घरी परतणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा आकडा पाहून हसू येतं. ते हसू पहिल्या तरीपर्यंत, म्हणजे खाडी ओलांडून देणाऱ्या बोटीपर्यंत, टिकतं. हा रस्ता दर खाडीपाशी समुद्राच्या पातळीला उतरतो, पलीकडे तरीतून बाहेर पडलं की तडक सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो, आणि वर श्वास बसतो न बसतो तोच पुढच्या गावासाठी पुन्हा उतार लागतो. चढ लांब नसतात, उभे असतात. मागच्या पिशव्यांत दहा-बारा किलो सामान असलं की सगळ्यात हलका गिअरही जड वाटायला लागतो. म्हणून चौथ्या मुक्कामानंतर एक दिवस आरामाचा ठेवायचा, एवढं शहाणपण आता बहुतेक गटांना आलंय.

पण वेळापत्रकात त्या दिवसासमोर काय लिहिलेलं असतं ते बघा. बाकीच्या दिवसांसमोर अंतर असतं, तरीची वेळ असते, दुपारी कुठे जेवायचं ते असतं. पाचव्या दिवसासमोर दोनच शब्द: ‘गुहागर, आराम’. या कोऱ्या रकान्यात मग सगळं शिरतं. कोणाला हेदवीचा गणपती करायचा असतो, कोणाला गोपाळगड, कोणाला दुपारी ताणून द्यायची असते. कपडे धुणं, साखळी साफ करणं, एटीएम, औषधं, घरच्यांशी निवांत बोलणं ही सगळी कामं ‘रेस्ट डेला बघू’ म्हणून चार दिवस मागे पडलेली असतात. संध्याकाळी सात वाजता हिशेब केला तर आराम सोडून सगळं झालेलं असतं, किंवा आराम झालेला असतो आणि उद्याच्या सायकलीला ब्रेक नसतो.

बिघाडाची सुरुवात मात्र त्या दिवशी होत नाही. ती घरी कॅलेंडर बघताना होते. मोहीम कोणत्या वारी निघणार हे रजेवरून ठरतं, आणि रेस्ट डे कोणत्या वारी पडणार हे कोणी मोजतच नाही. बुधवारी निघालात तर मुरूड, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर असे चार मुक्काम करून रविवारी आराम येतो. कोकणातल्या किनारी गावात रविवारी आराम करायला जाणं म्हणजे लग्नघरात झोपायला जाणं. खोल्यांचे दर चढलेले, खानावळीत रांग, रात्री शेजारच्या खोलीतला मोठा गट आणि त्यांचा स्पीकर. शिवाय काही बिघडलंच तर सुटा भाग मिळायची शक्यता जवळपास शून्य. शनिवारी निघालं तर हाच दिवस बुधवारी येतो. पहिल्या दिवशी अलिबाग-काशीद रस्त्यावर शनिवारच्या गाड्यांची गर्दी सोसावी लागते, पण ती सकाळी लवकर निघून बरीच टाळता येते. रविवारची गर्दी दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची तर ओलांडून दिघीला पोचेपर्यंत मागे पडते. रेस्ट डे मंगळवार ते गुरुवार यांत पडेल असा निघण्याचा वार निवडावा, बाकी सगळं त्यानंतर.

या तीन वारांतही एकेक मेख आहे. मंगळवारी संकष्टी असेल तर ती अंगारकी, आणि मुक्काम गणपतीपुळ्याला असेल तर खोली मिळणंच मुश्कील. गुरुवार मार्गशीर्षातला असेल, आणि सायकलीचा मोसम नेमका तेव्हाच असतो, तर घरगुती खानावळीत मासळी बहुधा नसते. चार दिवस सुरमईचं स्वप्न बघत चढ चढलेल्या माणसाला हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात तर रेस्ट डेची कल्पनाच सोडा, किंवा किनारा सोडून आत मुक्काम करा.

जागेचा प्रश्न वाराइतकाच महत्त्वाचा, आणि इथे मोह आडवा येतो. जिथला समुद्र सगळ्यात सुंदर तिथे थांबायचं, असा साधा हिशेब असतो. रेस्ट डेच्या गावाला माझ्या मते चार गोष्टी लागतात: उघड्या उन्हात कपडे वाळत घालायला जागा, दिवसभर चालणारी खानावळ, औषधाचं दुकान, आणि तासा-दीड तासावर सायकलीचं दुकान असलेलं मोठं गाव. गुहागर तालुक्याचं ठिकाण आहे, एसटीचं आगार आहे, चिपळूण ४५ किलोमीटरवर. चालतं. त्याहून चांगलं दापोली. समुद्र नाही म्हणून दापोली कोणी निवडत नाही, पण गाव सड्यावर असल्यामुळे रात्री थंड असतात, हवा किनाऱ्याइतकी दमट नसते, बाजार मोठा आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड पायांनी चढायला लागत नाही, दाभोळपर्यंत बराचसा उतारच मिळतो. गणपतीपुळं या कामाला सगळ्यात गैरसोयीचं. देवदर्शन करून पुढे जावं. तिथल्या पाण्यात पोहायला उतरू नका, ओढ धोकादायक आहे आणि तसे फलकही आहेत.

खोली घेताना फोनवर विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण विचारले जात नाहीत. दोन रात्री एकच खोली मिळेल का? बऱ्याच ठिकाणी पहिल्या रात्रीची खोली दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला दिलेली असते, आणि ऐन आरामाच्या सकाळी दहाला पसारा गोळा करून खोली बदलावी लागते. ओल्या कपड्यांसकट. सायकली रात्री पडवीत, छपराखाली ठेवता येतील का? दव इतकं पडतं की उघड्यावर ठेवलेली साखळी दोन रात्रींत तांबूस होते. पाणी गोडं आहे की मचूळ? धुण्याच्या मशीनमध्ये निदान पिळून मिळेल का? आणि अंगणात ऊन किती वाजेपर्यंत असतं? हा शेवटचा प्रश्न ऐकून मालक हसतात, पण नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरांत हाच खरा प्रश्न आहे. वाडी दिसायला देखणी, पण जमिनीवर ऊन पडतं ते कवडशांचं. त्यात जाड कपडा वाळत नाही.

आता कपड्यांकडे. हा विषय लोकांना क्षुल्लक वाटतो म्हणून जरा सविस्तर.

सायकलच्या पॅडवाल्या चड्डीतलं पॅड फोमचं असतं, त्याची जाडी एक-दीड सेंटिमीटर. टीशर्ट दोन तासांत वाळतो, पॅड दमट हवेत सावलीत चोवीस तासांतही पुरतं वाळत नाही. बाहेरून हात लावला की कोरडं लागतं, आत ओल असते. ती चड्डी घालून बसलं की कातडी मऊ पडते, घासते, दुपारपर्यंत चट्टे उठतात, आणि चट्ट्यांवर घामातले जंतू बसले की दुसऱ्या दिवशी गळू. बसायच्या जागेवर गळू आलेला माणूस मोहीम पूर्ण करत नाही. किनाऱ्यावर अर्ध्यात परतणाऱ्यांत गुडघ्यापेक्षा हे कारण जास्त दिसतं, फक्त ते कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

यातली चूक वेळेची असते. रेस्ट डेचे कपडे रेस्ट डेला धुवायचे नसतात, आदल्या संध्याकाळी धुवायचे. मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी बादली. साबण थोडा घ्यावा, कारण पॅडमध्ये राहिलेला साबण घामात विरघळून आग करतो. तीन पाण्यांतून काढावं. विहीर समुद्राजवळ असेल आणि पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही, म्हणून लोक आणखी साबण घालतात, आणि वर कपड्यात मीठ राहतं ते वेगळंच. मीठ हवेतली ओल ओढतं. असा कपडा दिवसा वाळतो आणि रात्री पुन्हा सर्द होतो. शेवटचं एक पाणी गोडं मागून घ्यावं, काकू नाही म्हणत नाहीत.

पिळताना पॅड मुरगाळू नये, शिवण उसवते. कोरडा टॉवेल अंथरायचा, चड्डी त्यावर पसरायची, दोन्हीची मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि गुंडाळीवर पायाने दाब द्यायचा. निम्मं पाणी टॉवेलात जातं. मग उलटी करून, पॅड बाहेर येईल अशी, रात्री छपराखाली वाऱ्यावर. अंगणातल्या दोरीवर रात्रभर ठेवली तर पहाटेच्या दवाने होती त्याहून ओली मिळते. सकाळी नवाच्या सुमारास ऊन आलं की गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा दोरीवर थेट उन्हात, दर तासाला जागा बदलत. दोनपर्यंत वाळते. गडग्यावर घातलेल्या कपड्यावर दगड ठेवायला विसरू नका, आणि वानरांवर लक्ष असू द्या. रंगीत कपडा त्यांना आवडतो.

हेच धुणं रेस्ट डेला दुपारी चारला काढलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तीन चड्ड्या बरोबर घेतल्या तर हा सगळा प्रश्न सौम्य होतो. एकीचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. लोक वजन वाचवायला तिसरी चड्डी घरी ठेवतात आणि पुस्तक बरोबर घेतात.

चट्टे उठलेच असतील तर रेस्ट डेला ती जागा साबणाने धुऊन, टिपून, मोकळी ठेवायची. दिवसभर लुंगी किंवा सैल सुती चड्डी. समुद्रात डुंबून ओल्या चड्डीत वाळूत बसणं हे या जागेवरचं सगळ्यात वाईट औषध. व्हॅसलिन न फुटलेल्या कातडीवर, घर्षण टाळायला. फुटलेल्या जागेवर पोव्हिडोन आयोडीनचं मलम. गळू फोडायचं नाही. ताप आला किंवा लाली पसरायला लागली की डॉक्टर.

सायकलीचं कामही संध्याकाळीच सुरू होतं, पण ते धुण्याचं नसतं, आठवण्याचं असतं. चढावर कोणत्या गिअरला खडखड होती, पुढचा ब्रेक किती आत जात होता, मागून कुठला आवाज येत होता, हे त्या दिवशीच लिहून ठेवावं. रात्रभर झोपल्यावर सायकल स्टँडवर गप्प असते आणि माणूस विसरलेला असतो.

सकाळी आठला, नाश्त्याच्या आधी तपासणी. वेळेचा आग्रह एवढ्यासाठी की छोट्या गावातली दुकानं दहाला उघडतात आणि एकला बंद होतात, ती चारनंतरच. नऊपर्यंत दोष कळला तर चिपळूणला एसटीने जाऊन भाग घेऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. पाच वाजता कळला तर काहीच करता येत नाही. साखळीची झीज बघायला खास हत्यार नसेल तर १२ इंची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. इंचाच्या सोळाव्या भागाएवढी पुढे गेली असेल तर साखळी अर्धा टक्का ताणलेली आहे, मागच्या चाकावर अकरा-बारा गिअरच्या दातेरी चकत्या असतील तर ती बदलायची वेळ झाली. इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल तर चकत्याही झिजलेल्या असणार. अशा वेळी फक्त साखळी नवी घातली तर चढावर ती उड्या मारते, म्हणून मोहिमेच्या मध्यात तो उद्योग करू नये. झिजलेली जोडी तशीच रेडीपर्यंत न्यावी. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली असेल तर मात्र आजच बदलायचं. पुढचे उतार आधीच्यांपेक्षा सौम्य नाहीत. पॅडचा एक जोड घरूनच न्यावा, तुमच्या कॅलिपरला (पॅड धरून दाबणाऱ्या भागाला) बसणारा नेमका जोड वाटेतल्या गावात मिळेल यावर विसंबू नये.

टायरवरून बोट फिरवून काच, काटा, तार बघायची. ७०० बाय ३२ च्या टायरला सामानासकट मागे ७०-७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढे साठेक पुरतात. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. पितळी अडॅप्टर चाळीस-पन्नास रुपयांचा असतो, तो जवळ असू द्या, आणि ट्यूब आपल्या मापाच्या दोन घरून न्या. कॅरिअरचे आणि मडगार्डचे बोल्ट चार नंबरच्या ॲलन चावीने एकेकदा दाबून घ्या. चार दिवसांच्या खडखडाटात एखादा तरी सैल झालेला असतोच.

धुताना जोराचा पाइप नको. बेअरिंगमध्ये पाणी शिरतं आणि खारं पाणी आधीच बाहेर बसलेलं असतं, ते आत ढकललं जातं. दोन बादल्या गोडं पाणी, स्पंज, जुना दात घासायचा ब्रश. साखळी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यातून उलटी फिरवायची, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. मग अर्धा तास ऊन. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब तेल. एकशे दहा-पंधरा रोलर असतात, दहा मिनिटांचं काम. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी निघताना कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. हे पुसणं टाळलं तर पहिल्याच पुळणीची वाळू साखळीवर बसते. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला एक दिवस चालतं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, तो उलट असलेलं तेल धुऊन काढतो. खोबरेल तेलाचा सल्ला हमखास कोणीतरी देतं. नको.

आणि एवढं करून झाल्यावर संध्याकाळी फोटोसाठी सायकल पुळणीवर ओल्या वाळूत घेऊन जाणारे असतातच. सकाळचं सगळं काम त्या वीस मिनिटांत वाया.

आता पाय. रेस्ट डे बिघडायचं सगळ्यात लाडकं कारण ‘सामान खोलीवर ठेवून हेदवी करून येऊ’ हे. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, बामणघळ, परत. जाऊन-येऊन ४५-५० किलोमीटर, मध्ये चढ-उतार आहेतच, आणि सामान नसल्यामुळे माणूस नेहमीपेक्षा जोरात हाणतो. हा नेहमीच्या टप्प्याच्या तीन चतुर्थांश दिवस झाला. शिवाय उद्या तवसाळच्या तरीला जाताना हाच रस्ता पुन्हा आहे! हेदवी वाटेवर असताना ती दोनदा करण्यात काय अर्थ आहे हे मला अजून समजलेलं नाही.

दुसरा मोह अंजनवेलच्या गोपाळगडाचा किंवा पुळणीवर लांब फिरण्याचा. चालणं म्हणजे आराम असं वाटतं, पण सायकलवाल्याच्या पायांना चालण्याची, विशेषतः उतरण्याची सवय मोडलेली असते. सायकल चालवताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. पायऱ्या किंवा उतार उतरताना तो ताणला जात असताना भार पेलतो, आणि दुखणं आणतो ते हे काम. ते दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी वर येतं. म्हणजे बुधवारी गड उतरलात तर गुरुवार-शुक्रवारच्या चढांवर मांड्या बोलतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते आणि पोटऱ्या ताणल्या जातात. भरतीरेषेजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत अर्धा तास अनवाणी चाला, पुरे.

याच्या उलट टोकाला दिवसभर आडवे पडणारे. त्यांचे पाय दुसऱ्या दिवशी लाकडासारखे असतात. थोडी जडता येतेच, कारण स्नायूंत साठा भरताना एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूंत साठवल्या जाणाऱ्या कर्बोदकाबरोबर) अंदाजे तीन ग्रॅम पाणी साठतं, वजनही किलोभर वाढतं. ते चांगलं लक्षण आहे. पण त्यावर रक्त फिरलं नाही तर जडता पहिले वीस किलोमीटर सुटत नाही. सकाळी तपासणी झाल्यावर अर्धा तास, गावातल्या सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये, शेजारच्याशी न धापता बोलता येईल अशा वेगाने चक्कर मारावी. सायकलीची चाचणीही त्यातच होते. मग दुपारी दोन तास झोप.

खाण्यात दोन चुका होतात. एक, आज सायकल नाही म्हणून कमी खाणं. स्नायूंचा साठा भरायला हाच दिवस असतो. वजनाच्या दर किलोला पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं धरा. ६५ किलोच्या माणसाला ३२५ ते ३९० ग्रॅम. शिजलेल्या भाताची दीडशे ग्रॅमची वाटी चाळीसेक ग्रॅम देते, केळं पंचवीस. सहा वाट्या भात आणि चार केळी दिवसभरात विभागून खाल्ली की ३४० झाले. घावनं, आंबोळ्या, तांदळाची भाकरी काहीही चालेल. सोबत उसळ, कुळथाची पिठी किंवा मासा. दुसरी चूक म्हणजे हे सगळं रात्री नऊच्या एका जेवणात करणं, तळलेली तुकडी, तिखट सार आणि आग्रहाचे पाच मोदक यांच्यासह. सकाळी सहाला पोट साथ देत नाही. भरपेट जेवण दुपारी, रात्री आठच्या आत आमटी-भात.

घरगुती खानावळीत जेवण सांगावं लागतं, तेही वेळेत. “काकू, उद्या दुपारी सहा ताटं, दोन शाकाहारी, आणि रात्री साधा भात” हे आदल्या रात्री सांगितलं तर सगळं मिळतं. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच. दुपारी दीडला भूक लागल्यावर गावात शोधायला निघालं की मग वडापाव आणि थंड पेय. अशा दुपारी गटात भांडणंही होतात, पण तो वेगळा विषय.

पाण्याचा गैरसमज शहाळ्याभोवती आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. दिवसभर नुसती शहाळी पिऊन पायात गोळे येणं थांबत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत, दिवसभरात घोट घोट. लघवी फिकट पिवळी हवी. रेस्ट डेला लोक पाणी प्यायलाच विसरतात, कारण बाटली सायकलला अडकलेली असते.

संध्याकाळी सहानंतरची कामं थोडी आहेत. दिवे, फोन, पॉवर बँक चार्जिंगला लावणं शेवटी ठेवू नका. किनाऱ्यावर वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून दुपारीच उरकावं. तवसाळ-जयगड तरीच्या वेळा स्थानिकांना किंवा जेट्टीवर विचारून घ्याव्यात, त्या ऋतूनुसार बदलतात, आणि मोठ्या ओहोटीला कधीकधी थांबावं लागतं. रोख रक्कम मोजून घ्या. पिशव्या रात्रीच भरा, धुतलेल्या चड्डीचं पॅड बोटांनी आतपर्यंत दाबून बघूनच.

एवढं करूनही कधी दिवस हातचा जातो. पाऊस येतो, कोणाचं पोट बिघडतं, भाग मिळत नाही. मग दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून लवकर निघून गणपतीपुळे गाठायचा हट्ट धरू नये. गुहागर ते हेदवी किंवा वेळणेश्वर असा वीस-पंचवीस किलोमीटरचा तुकडा करून तिथे मुक्काम करावा. रस्ता तोच आहे, तवसाळची तर दुसऱ्या दिवशी ओलांडावी. गळू किंवा गुडघा असेल तर त्या एकट्याने चिपळूणला जाऊन कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठावी आणि तिथे गटाला मिळावं. त्यासाठी एसटीच्या टपावर सायकल चढवता येते का ते आगारात विचारावं, सगळ्या गाड्यांना टपावर जागा नसते. सामानाचं तिकीट काढावं आणि मागचा गिअरबदल ज्या बाजूला आहे ती बाजू वर ठेवून सायकल आडवी बांधावी.

गेलेला दिवस शेवटच्या टोकाकडून कापायचा. रेडीऐवजी मालवणला मोहीम संपवली तर कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटरवर आहे. मात्र परतीच्या सायकली सावंतवाडीहून न्यायचं ठरलं असेल तर नवी व्यवस्था त्याच संध्याकाळी करायला घ्या. अशा स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, त्यामुळे सायकली पॅडल काढून, हँडल आडवं करून, गार्डच्या डब्याशेजारचा सामानाचा कप्पा जिथे येतो त्या जागी फलाटावर आधीच उभ्या हव्यात, आणि चढवायला प्रत्येक सायकलीला दोन माणसं.